टाचेतला पुठ्ठा

मंगळवार, दुपार
दुकानातून

ती. दादास,

नमस्कार. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. इकडे सर्व म्हणजे आता मी एकटीच, आणि मी ठीक नाही. वहिनीचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, घरात घालायच्या सपातांचे तळवे झिजले असतील तर पाठवून दे, बदलून देते. तिच्यावर माझा राग नाही.

पत्र असं टाचेच्या आकाराच्या तुकड्यांवर का, असं तुला वाटलं असेल. पुठ्ठ्याचे एकोणीस तुकडे आहेत, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, कोपऱ्यात आकडे घातलेत. क्रमाने वाच. आधी शेवट उघडून बघायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, ती आज आवर.

तुझे बूट झाले. काळे, बंदांचे, पुढून साधे, तू सांगितलेस तसेच. गेल्या आठवड्यात तू चार वर्षांनी दुकानाची पायरी चढलास, न विचारता बाबांच्या स्टुलावर बसलास आणि म्हणालास, शुक्रवारी मोठ्या समितीपुढे उभं राहायचंय, पायात आपल्या दुकानाचे बूट हवेत. आपल्या दुकानाचे. मला बरं वाटलं, दादा. खोटं कशाला बोलू, तू गेल्यावर मी गुणगुणत चामडं कापलं.

मग शनिवारी सुनावणीचा कागद आला आणि समिती कुठली ते कळलं. शेजारच्या बाइंडरची सुनावणी, आणि चाल-नोंद खात्यातर्फे तज्ज्ञ म्हणून बोलणार तू. त्याला सात वर्षं आत टाकायला तू जाणार, आणि त्यासाठी तुझ्या पायात बूट मी चढवायचे. माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. आमच्या गल्लीतलं कुत्रं कुठल्या पायाने लंगडतं तेसुद्धा तुझ्या खात्याला ठाऊक असतं.

खिडकीतला खेळ आठवतो? बाबा आपल्या दोघांना खिडकीशी बसवायचे. कोपऱ्यावरून माणूस वळला की चेहरा दिसायच्या आत, नुसत्या चालीवरून ओळखायचं, आणि जो आधी ओळखेल तो त्या दिवशी स्टुलावर बसणार. तू रोज जिंकायचास. एकदाच मी टपालवाल्याला तुझ्याआधी ओळखलं, तर तू मला लबाड म्हणालास आणि आठवडाभर अबोला धरलास. बाबा म्हणायचे, याचे डोळे आणि हिचे हात मिळून एक चांगला कारागीर होईल. आपण कधी मिळून काही झालोच नाही. त्यांनी आरी माझ्या हातात दिली, आणि तू ते मनात धरून बसलास. डोळे घेऊन सरकारात गेलास.

तिथपर्यंतही माझं काही म्हणणं नव्हतं. पण बाबा दवाखान्यात असताना तू हातगाडी घेऊन आलास आणि गिऱ्हाइकांच्या कार्डांचे बाराही खण उचलून नेलेस. जपून ठेवतो, म्हणालास. मी विश्वास ठेवला, कारण भाऊ होतास. चारशे माणसांच्या पायांची मापं होती त्यात, आणि प्रत्येकाखाली बाबांच्या बारीक अक्षरात दोन ओळी: डावा घोटा आत वळतो, उजवा पाय कडेने टेकतो, उतारावर बिचकते. माणसं डॉक्टरपुढे उघडी होतात तशी बाबांपुढे व्हायची. ती कार्डं तू खात्याच्या यंत्राला शिकवायला दिलीस. आज चौकाचौकात खांब आहे, खांबावर डोळा आहे. तोंड झाकता येतं, चाल झाकता येत नाही, म्हणून सरकारने आता माणसांचे पाय धरलेत.

आमच्या गल्लीतली सात माणसं उचलली गेली. लोक काही आंधळे नाहीत, कुणाच्या दुकानात मापं दिली होती ते त्यांना आठवतं. शाळेतल्या बाईंनी स्वतःचे बूट माझ्या मेजावर आणून ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या बापाने आमच्या चाली विकल्या." विकल्या त्या बापाने नाही, भावाने, हे मला सांगता आलं नाही. मेलेल्या माणसावर आळ राहू दिला आणि जिवंत माणसाला वाचवलं. याची लाज मला तुझ्यापेक्षा जास्त वाटते, म्हणजे तुला वाटत असेल तर.

आता बाइंडरचं. खात्याच्या दारापुढे त्या दुपारी चाळीस जण तोंडावर पिशव्या ओढून मुकाट उभे राहिले आणि निघून गेले. त्यातल्या एकाची चाल यंत्राने बाइंडरची म्हणून ओळखली. मी तुझ्या कचेरीत आले होते, आठवतं? दीड तास बाकावर बसवलंस आणि दोन मिनिटं भेटलास. म्हणालास, "यंत्र चुकत नाही. आणि तुझं गिऱ्हाईक मी तुझ्याहून जास्त ओळखतो."

नाही ओळखत. आणि हे तुला कळणारही नव्हतं, कारण तू मेजाच्या या बाजूला कधी बसलाच नाहीस. कार्डावर बाबा काय लिहायचे? गिऱ्हाईक पहिल्यांदा दारातून आत येतं ती चाल. म्हणजे खोट. त्या खोटीवर ते बूट बेतायचे, टाच उचलायचे, कड भरायचे, आणि दोन-तीन जोड्यांनंतर माणूस तसा चालेनासा व्हायचा. सुधारलेली चाल त्यांनी कधी लिहिली नाही. कशाला लिहितील? काम झालेलं असायचं. बाइंडरचा उजवा पाय कडेने टेकतो हे कार्ड अकरा वर्षांपूर्वीचं आहे, आणि गेली नऊ वर्षं तो सरळ चालतो. निम्मं शहर बाबांनी दुरुस्त केलं आणि तू त्यांच्या जुन्या दुखण्यांवर नावं चिकटवून बसलास. आता कुठल्याही परक्या माणसाचा पाय कडेने टेकला की यंत्र बाइंडर, बाइंडर म्हणून ओरडतं. सरळ चालणाऱ्या बाइंडरला ते ओळखतच नाही. त्याला तुझ्या माणसांनी घरातून उचललं, रस्त्यावरून नाही. याचं आश्चर्य तुला वाटलं नाही?

मी हे चौकशीच्या कारकुनाला सांगितलं. तो म्हणाला, बुटाने चाल बदलते याला पुरावा काय? आणि त्या दुपारी आरोपी तुमच्याकडे होता म्हणता, तर तो तुमचा कोण? मी म्हणाले, गिऱ्हाईक. कारकुनाने लिहून घेतलं आणि विचारलं, गिऱ्हाईक दुकानात अडीच तास काय करतं?

इथे मी जरा थांबले होते. अस्तर चिकटवायची खळ वाळली, ती पुन्हा कालवून आले.

तो माझा माणूस आहे, दादा. तीन वर्षं झाली. त्या दुपारी आम्ही वरच्या खोलीत जेवत होतो, जेवण झाल्यावर त्याने भांडी घासली आणि मी पाय वर करून बसले होते. लग्न केलं नाही, कारण अर्ज तुझ्याच खात्यातून जातो आणि तू फाइलवर काय शेरा मारला असतास ते मला वाचायचं नव्हतं. एवढ्यासाठी मी त्याला गिऱ्हाईक म्हणाले, आणि माझ्या त्या एका शब्दाने त्याची बाजू लंगडी झाली. तुझ्यावर एवढं तोंडसुख घेतेय, पण हे पाप माझं आहे. शुक्रवारी मी उठून खरं सांगणार आहे.

पण माझं कोण ऐकणार? समितीला पुरावा हवा. तो मी शिवलाय. आता जे लिहिते ते बाबांनी मला अकराव्या वर्षी शपथ घालून सांगितलं होतं, आणि आजवर तुझ्याशी झालेल्या एकाही भांडणात मी ते तोंडातून काढलं नाही. काढावंसं फार वेळा वाटलं.

तुझा डावा पाय आखूड आहे. फार नाही, बोटाच्या रुंदीहून थोडा कमी. तू चालायला लागलास तेव्हाच बाबांनी ते हेरलं. शाळेत पोरं लंगड्या म्हणतील म्हणून त्यांनी तुझ्या प्रत्येक डाव्या बुटात अस्तराखाली चामड्याची पट्टी घातली. चपलेत घातली, घरातल्या सपातेतही घातली. अनवाणी फिरू नकोस म्हणून ते तुझ्यावर डाफरायचे आणि मी दिवसभर अनवाणी हुंदडायचे, तरी मला काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, तुझे पाय त्यांना जास्त प्यारे. तुलाही तसंच वाटायचं, म्हणून तर मिरवायचास. तुझे बूट ते नेहमी दार लावून करायचे. दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी तुझ्यासाठी सहा जोड करून ठेवले होते. सहावा झिजला तेव्हा तू माझ्याकडे आलास. साऱ्या शहराच्या चाली ओळखणाऱ्याला स्वतःची चाल ठाऊक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तुझं कार्ड त्या बारा खणांत नव्हतं. ते माझ्या डब्यात आहे.

तर हे एकोणीस तुकडे. मी ते पट्टीच्या जागी, डाव्या टाचेत अस्तराखाली घालणार आहे. बरोबर तेवढीच उंची भरते. टाचेत पुठ्ठा घालणारा माणूस देवालाही फसवेल, असं बाबा म्हणायचे, कारण पुठ्ठा दोन-तीन दिवसांत घामाने आणि वजनाने दबतो. मी आयुष्यात पहिल्यांदा घालतेय.

नवा बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, पायाआधी हात, हा बाबांचा नियम तू पाळला असशील तर अस्तराची सुटी कड तुझ्या बोटांना लागली असेल आणि आज बुधवार असेल. पाळला नसशील, तर दोन दिवस घरात घालून शुक्रवारी तू खात्याच्या दारात उभा राहिला असशील, ते तुझ्या चालीवर उघडलं नसेल, आणि अनोळखी चालीचा इसम म्हणून तुझे बूट उतरवले गेले असतील. मग हे पत्र शिपायाने आधी वाचलं असेल. तसं झालं तरी पुरावा समितीपुढे जाईल आणि मी आत जाईन. कपड्यांची पिशवी भरून ठेवलीय.

पण मला बुधवार हवाय. उजव्या बुटाच्या टोकात कागदात गुंडाळलेली पट्टी आहे. बाबांनी कापलेली, सातवी, शेवटची. त्यावर त्यांनी पेन्सिलीने ‘थोरला’ असं लिहिलंय. ती घातलीस तर कुणाला काही कळणार नाही. तू नेहमीसारखा ऐटीत जाशील, यंत्र तुला सलाम करेल, आणि माझा माणूस आत जाईल. किंवा समितीपुढे एकदा पट्टी घालून चाल आणि एकदा काढून चाल. दुसऱ्या खेपेला यंत्र तुला ओळखणार नाही, आणि बुटाने चाल बदलते का, हे कुणी विचारणार नाही. सगळ्यांसमोर लंगडावं लागेल. बाबांनी जन्मभर जे टाळलं तेच मी मागतेय, हे मला कळतं. कळूनही मागतेय.

शुक्रवारी मी मागच्या बाकावर बसलेली असेन. तू कोपऱ्यावरून वळलास की तुझ्या चेहऱ्याकडे मी बघणार नाही.

तुझ्या पायांकडे डोळे लावून बसलेली,
तुझी लबाड धाकटी