साडेसदतीस इंचांचा बेल्ट आणि बाकीची मालमत्ता

लिहायला उशीर झाला, हे आधीच कबूल करतो. पाडव्याला देतो म्हणालेलो, आता दिवाळीचा कंदीलही उतरवला.

मी, दिपेश गोविंदा भोईर, वय २७, शिक्षण अर्धी नववी, धंदा ड्रायव्हिंग, राहणार बाळकुम गाव, ठाणे, पूर्ण शुद्धीत आणि न पिता हे मृत्युपत्र लिहितो. जबरदस्ती कोणाची नाही. सासूबाई मंजुळाबाई एवढंच म्हणाल्या, "जावई, तुमचा पाय घरात ठरत नाय. आधी बायको-पोराचं लिहून द्या, मग लेक पाठवते." त्यांचं बरोबर आहे.

१. घराच्या दोन खोल्या आणि पोस्टातलं पुस्तक पत्नी निशिगंधा आणि पुढच्या महिन्यात आम्हाला जे मूल होईल ते, यांना निम्मं-निम्मं. पेरूचं झाड मात्र वाटू नये, दोघांनी खावं.

२. बाबांची फियाट निशिगंधाला. इथे जरा सविस्तर लिहितो, म्हणजे फॅन बेल्टसाठी पुढे कोणाला हिंडायला नको. बाबांनी दुसऱ्याच गाडीचा अल्टरनेटर बसवलेला, त्यामुळे गाडीच्या पुस्तकातल्या नंबरचा बेल्ट हिला बसत नाही. मला हे माहीत नव्हतं. नवरात्रात मोहन्याला माहेरी निशीचं डोहाळजेवण होतं, याच गाडीतून तिला न्यायचं ठरलेलं. तीन दिवस आधी बेल्ट तुटला. ती शिलाईकाम करते. म्हणाली, "अरे, माझ्या टेपने माप ना."

मी म्हणालो, "गाडीला काय ब्लाउज शिवायचाय?"

मासे धरायच्या जाळ्याच्या नायलॉन दोरीने मापलं आणि निघालो. ती दोरी ताणली जाते. कल्याणला एक बेल्ट घेतला, भिवंडीला दुसरा. तिथे ओळखीचा ट्रकवाला भेटला, म्हणाला नाशिकला भंगारात नक्की मिळेल. नाशिकहून धुळ्याला का गेलो, ते आता सांगता येत नाही. अकराव्या दिवशी परतलो. तीन बेल्ट, तीन मापं, एकही बसेना. निशी रिक्षाने मोहन्याला गेलेली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

टेप खिळ्यालाच लटकत होती. महिनाभर हात लावायची हिंमत झाली नाही. परवा लावला. साडेसदतीस इंच. बेल्ट खाडीपलीकडे कळव्यात, पहिल्याच दुकानात मिळाला. तासाभरात घरी आलो. मधे कुठे थांबलो नाही, हे नोंदवून ठेवतो.

३. गाडीचे पाने आणि जॅक शेजारचे लिनो काका परेरा यांना, तसेही त्यांच्याकडेच असतात. तिन्ही चुकीचे बेल्ट कल्याणच्या त्या दुकानदाराला, जो "किताब में यही लिखा है" म्हणत राहिला.

४. टेप माझी नाही, म्हणून कोणाला देता येत नाही. जिची आहे तिने येऊन घ्यावी. मी घरीच आहे.

सही: दि. गो. भोईर
साक्षीदार: १) लिनो परेरा २) तुळसाबाई केणी (अंगठा)
बाळकुम, ठाणे. १७ नोव्हेंबर २०२४

ता. क. तुळसाआजीच्या अंगठ्याची शाई वाळायच्या आत सासूबाईंचा फोन.

"जावई, बेल्ट बसला काय?"

"बसला."

"मग निघा."

मागून निशीचा आवाज आला, दमलेला, पण तिचाच: "त्याला सांग, टेप घेऊन ये. झबली शिवायचीत."

कलम ४ खोडलं आहे. कलम १ मध्ये 'मूल' आहे तिथे 'मुलगी' वाचावं. तीन आठवडे आधीच आली.