बिनसहीचं पाकीट आणि आत्याचा अर्ज

तीर्थरूप अर्लिसआत्या,

परवा चर्चच्या तळघरात कॉफी पिताना चाळीस माणसांसमोर तू ज्याला "आमच्या घराण्यातलं सगळ्यात शिकलेलं गाढव" म्हणालीस, त्या तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तुझी भाचेसून मार्नी विचारते आहे की तिनं पाठवलेलं मलम लावतेस की नुसतं कपाटात ठेवून शेजारणींना दाखवतेस. आम्ही इकडे सुखरूप आहोत. सुखरूप म्हणजे दोन वेळा जेवतो. बाकी पेपरात रोज माझा फोटो येतो आणि त्याखाली काय छापतात ते तुला सांगायला नको, कारण कात्रणं तूच मला पोस्टानं पाठवतेस.

फोनच करणार होतो. पण गेल्या तीन वेळा तू माझा आवाज ऐकून फोन आपटलास, म्हणून पत्र. पत्र आपटून काही होत नाही (फाडता येतं, पण पाठकोरा कागद तू फाडणार नाहीस, हे मला ठाऊक आहे).

तुझी बाजू मला शंभर टक्के मान्य आहे. एकाहत्तराव्या वर्षी तू विधानसभेला उभी राहिलीस, चार महिने कुत्री अंगावर घेत दारोदार फिरलीस, आणि निकाल काय, तर तुला दोन हजार एकशे चौदा आणि दातांच्या डॉक्टर स्टाइनकेलाही दोन हजार एकशे चौदा. बरं, साऱ्या मतदारसंघात सही नाही म्हणून बाद झालेलं टपाली मताचं पाकीट एकच. ते कुणाचं, तर राज्यातल्या यच्चयावत निवडणुका ज्याच्या हाताखाली होतात, त्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं. म्हणजे माझं! हाडवैऱ्यालासुद्धा इतका नेम साधला नसता. "माझ्या भाच्याचं पाकीट उघडा आणि त्याचं मत मोजा" असा अर्ज तू कोर्टात केलास, यात तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. फक्त गुरुवारच्या सुनावणीआधी तो मागे घे, एवढंच म्हणतो. का, ते सांगतो.

आधी हे घडलं कसं ते ऐक, कारण गावात तू जे सांगत फिरते आहेस (की मी त्या दिवशी प्यायलेलो होतो) ते खरं नाही. प्यायलेला असतो तर निदान कारण तरी झालं असतं. आमच्या खात्यानं टपाली मतदानाची जाहिरात काढायची ठरवली. दरवर्षी शेकडो लोक मतपत्रिका भरतात, पाकिटात घालतात आणि पाकिटावर सही करायला विसरतात. तेव्हा मी स्वतः टीव्हीवर येऊन "आधी सही, मग पोस्ट!" असं सांगायचं. दिग्दर्शक म्हणाला, ऑफिस नको, घरगुती वाटायला हवं. म्हणून आमच्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच विणलेल्या टेबलक्लॉथवर, स्वेटर घालून मला बसवलं. नमुन्याच्या पाकिटावर मी सही केली. तो म्हणाला, हसू थोडं कमी. पुन्हा केली. मग म्हणाला, साहेब, सही करताना जीभ बाहेर येते तुमची. अशा अकरा पाकिटांवर अकरा सह्या झाल्या. शेवटी त्याला सुचलं की खरंखुरं पाकीट पेटीत टाकताना दाखवू. माझं मत आदल्या दिवशीच भरून तयार होतं. उचललं, चिकटवलं, कॅमेऱ्यासमोर ऐटीत चालत गेलो आणि टाकलं. हाताला वाटलं, आजच्या दिवसाच्या सह्या झाल्या.

आत्या, ती जाहिरात चाळीस दिवस दाखवली गेली. त्यात माझं पाकीट पेटीत जाताना त्यावरची सहीची ओळ कोरी करकरीत दिसते. लाखो लोकांनी पाहिलं, माझ्या खात्यातल्या साठ माणसांनी पाहिलं, मी स्वतः तर किती वेळा पाहिलं याची गणती नाही (स्वेटरात पोट दिसतं का, ते बघत होतो). कुणाच्या लक्षात आलं नाही. ते तुझ्या लक्षात आलं, तेही मतमोजणी झाल्यावर. चष्म्याच्या दुकानातल्या माणसाला मी तुझे डोळे कमजोर झालेत असं सांगितलं होतं, ते शब्द मागे घेतो.

तरीही सगळं सावरलं असतं. सही राहिली की जिल्हा कचेरीतून मतदाराला पत्र जातं, की बाबा रे, अमुक तारखेच्या आत येऊन सही कर. मलाही आलं. पण ते पत्र मीच लिहिलेलं! तीन वर्षांपूर्वी, वकिलांकडून सहा वेळा तपासून घेऊन, कुणाचं मन दुखावू नये, कुणावर ठपका येऊ नये, अशा बेतानं. आता ते इतकं सौम्य झालंय की शेवटपर्यंत वाचलं तरी काय झालंय ते कळत नाही. खाली माझीच छापील सही. मला वाटलं, ऑफिसनं नमुना तपासायला पाठवलाय. मी कोपऱ्यात "उत्तम, असंच ठेवा" असं लिहिलं आणि परत पाठवून दिलं. राज्याची कागदपत्रं जपणं हेही माझंच काम, त्यामुळे तो शेरा आता कायमचा दप्तरात गेलाय. माझी नातवंडं बघतील.

हसू नकोस. हसलीस ना? मग निम्मं काम झालं.

लोकांना तसंही माझं काम काय ते कधी कळलंच नाही. केस कापणारा वेर्न मला दर महिन्याला युद्ध कधी थांबणार ते विचारतो, कारण वॉशिंग्टनमधल्या परराष्ट्र खात्याच्या मंत्र्यालाही 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'च म्हणतात. त्याला किती वेळा सांगितलं की माझ्याकडे कंपन्यांची नोंदणी, नोटरींचे परवाने, राज्याची मोहोर आणि निवडणुका एवढंच आहे. तो म्हणतो, "असू दे, पण तुम्ही वरती सांगा तरी." आता मात्र साऱ्या राज्याला कळलंय की मी कोण. तो सही विसरलेला.

आता मुद्दा. बरोबरी झाली की आपल्या कायद्यात चिठ्ठी टाकायची सोय आहे. शुक्रवारी दुपारी, दप्तरखान्यातल्या त्या जुन्या हॅटमध्ये दोन नावं घालून एक काढायचं. नात्यामुळे मी हात लावणार नाही. माझी डेप्युटी, मिसेस डोलान, काढणार आहे. तिनं तीनदा तालीम केली, तिन्ही वेळा स्टाइनके निघाला, पण तालमीवर जाऊ नकोस. तुझ्या अर्जामुळे हे सगळं अडकलंय. शिवाय एकुलतं एक पाकीट कोर्टात उघडलं तर मत गुप्त ते काय राहिलं? उद्या प्रत्येक विसरभोळ्याचं पाकीट उघडा म्हणतील. इतकी वर्षं जे नियम मी लोकांना शिकवले, ते माझ्याच पाकिटासाठी मोडायचे? तुझ्यापुढे मोठ्या गोष्टी बोलायची माझी लायकी नाही, पण तत्त्व म्हणून तरी माघार घे.

मार्नीचा नमस्कार. मलम लाव.

तुझा आज्ञाधारक (इतर बाबतींत),
कर्टिस

ता.क. वरचं तत्त्वाचं लिहिलेलं मार्नीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आत्या एका मिनिटात ओळखतील. खरं लिही, नाहीतर मी लिहिते."

ता.क. २. तुला आठवतं, ऑगस्टमध्ये तू म्हणालीस, निवडून आले तर राजधानीत राहायला वेगळी जागा बघायची नाही, माझं गाडीचं लायसन्स काढून घेतलंय म्हणून काय झालं, "रोज कर्टिसच्याच गाडीतून जाईन नि येईन"? जाताना चाळीस मैल, येताना चाळीस मैल, सारा हिवाळा. आत्या, तू शेजारी बसलीस की मला गाडी चालवता येत नाही. पन्नाशी उलटली तरी वळण यायच्या आधी तू "वळ" म्हणतेस आणि मी वळतो. त्या भीतीपोटी, ज्या बाईनं माझ्या पहिल्या निवडणुकीचे तीनशे फलक स्वतःच्या हातानं रंगवले, तिच्या नावापुढचा गोल मी रिकामा सोडला. त्या पाकिटात मत स्टाइनकेला आहे. उघडलं तर तू एका मतानं पडशील. ते टाकल्यापासून मला तुझ्याकडे मान वर करून बघवत नाही, आणि सही राहिली हे कळलं त्या दिवशी मी गॅरेजमध्ये जाऊन रडलो. सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

ता.क. ३. शुक्रवारी तुझं नाव निघालं तर जानेवारीत रोज सकाळी सातला गाडी तुझ्या दारात असेल. वाटेल ते बोल, मी ऐकेन. आणि हे पत्र वाचून झालं की स्टोव्हमध्ये घाल. राज्यातला एकही कागद नष्ट होऊ देणार नाही अशी शपथ घेतलेला माणूस हे सांगतोय.