तडकलेलं मँडोलिन

आबा, दारं लोटून बसले आहे. वैशाखातली दुपार, धुळ्याचे रस्ते ओस पडलेत, आणि नर्सची नोकरी संपवून घरी बसलेली तुमची लेक लाकडाच्या भुशात मांडी घालून बसली आहे. पाहिलं असतंत तर हसला असतात. हो, मीही मँडोलिनं बनवते. हौस म्हणून, जमतील तशी. पहिल्याचा दांडा असा काही वाकडा झाला की ते थेट भिंतीवर शोभेला गेलं.

चोपड्याच्या घरात उन्हाळा म्हणजे तुमचा हंगाम. एरवी डेपोत बसगाड्यांच्या बॉडीची कामं, आणि सुट्टीच्या दुपारी ओसरीवर पोतं अंथरून ही लाकडं. सुटे भाग ज्या देवदारी खोक्यांतून यायचे त्यांच्या फळ्या तुम्ही मागून आणायचात. त्यांतून मँडोलिनचं तोंड, म्हणजे तारांखालची पातळ फळी निघायची. पाठ शिवणीच्या लाकडाची. पावसाळ्यात नुसतं तासायचं, घासायचं. सरस लावून जोडायचं मात्र वैशाखातच, पानही हलत नाही अशा दुपारी. कडक वाळलेलं लाकूड जोडलं की पुढे त्याला कुठल्याच उन्हाचं भय नाही, हा तुमचा नेम. आई वैतागायची, "मानूसले ऊन लागस आन् ह्या लाकूडले ऊन दखाडतस!" तुम्ही गालातल्या गालात हसायचात आणि फळी आणखी उन्हात सरकवायचात.

मी तिथेच ओलं लुगडं पांघरून पडलेली असते. डोळे मिटत असतात. तुम्ही फळी कानाशी धरून बोटाच्या पेराने टकटक करता, थांबता, पुन्हा करता. आतून कुणी ओ देईल म्हणून थांबावं तसे. त्या आवाजात मला झोप लागते आणि झोपेत सातपुडा हळूहळू चालत आपल्या ओसरीपाशी येतो, वाकून बघतो, तुम्ही त्याला बाजूला हो म्हणता, ऊन अडतंय म्हणून. हे स्वप्न मी इतक्यांदा पाहिलंय की आता ते खरंच घडलं होतं असं वाटतं.

तुम्हाला स्वतःला वाजवता येत नव्हतं. तारा सुरात लावायच्या, एकदा छेडायच्या आणि मँडोलिन वस्तीतल्या गायन पार्टीच्या हाती द्यायचं. जयंतीच्या मंडपात लोक गाण्यावर डोलायचे आणि तुम्ही मागच्या बांबूला टेकून उभे. एकदा मी म्हटलं, "आबा, तुम्ही वाजाडाले शिका ना." तुम्ही म्हणालात, "मीच वाजाडाले बसनू ते आयकाले कोन?" तेव्हा मला ती थट्टा वाटली.

मग धुळ्याला नर्सिंगला माझा नंबर लागला. जायचं होतं ऐन आषाढात. आणि तुम्ही नेम मोडलात. लेकीला रिकाम्या हाताने कसं धाडायचं म्हणून भर पावसात मँडोलिन जोडलंत. फळ्या चुलीशी शेकल्यात, सरस वाळेना म्हणून इस्त्रीची ऊब दिलीत. स्टँडवर एसटीच्या खिडकीतून ते माझ्या मांडीवर ठेवताना तुमचा चेहरा पडलेला होता. लेकीला तुम्ही माय म्हणायचात. "हाई उन्हायामा तडकी जाई, माय," म्हणालात. "मंग लई येजो. सांधाले मी शे ना."

थंडी सरता सरता तुम्ही गेलात. आणि वैशाखात, होस्टेलच्या खोलीत, भर दुपारी खाडकन आवाज झाला. मँडोलिनच्या तोंडाला उभी चीर. तुमच्या मयतीला डोळ्यांतून टिपूस न आलेली मी त्या दुपारी उशीत तोंड खुपसून हमसाहमशी रडले. मैत्रिणींना वाटलं, पेपर अवघड गेला.

तेव्हापासून ती चीर तशीच आहे. लोकांच्या वाद्यांच्या चिरा मी लाकडाची बारीक पात बसवून बुजवल्या, इतक्या बेमालूम की त्यांनाच सापडत नाहीत. तुमच्या मँडोलिनला हात लावला नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, तसा देवदार कुठे मिळतो, माझा हात अजून कुठे बसलाय. यंदा मात्र चीर तारांच्या घोडीखालून पलीकडे निघाली आहे. अजून एक उन्हाळा असाच गेला तर तोंड दुभंगेल आणि मग कुणाच्याच हातून ते सांधणार नाही. देवदार तर केव्हाचा कपाटात पडून आहे.

हा कागद धाडणार कुठे? इथेच ठेवते. खरं सांगायचं तर हात कधीच बसला होता, आबा. चीर होती तोवर तुमचं माझ्याकडे एक काम बाकी होतं, आणि काम बाकी ठेवून तुम्ही कधी कुठे गेला नाहीत. सरस पातळ झालाय. आता मी ते काम करायला बसते. राग मानू नका.