निम्म्या मालकीचं पाकीट

मी, पुस्तकबांधणीवर पोट भरणारी, अविवाहित, आजच सत्तेचाळीस पूर्ण केलेली, कुणाच्या दबावाशिवाय हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. मनाचं त्यांनी विचारलं नाही.

१. राहतं घर धाकट्या बहिणीला. आम्ही एका चेहऱ्याच्या जुळ्या. ती अकरा मिनिटांनी धाकटी. आईचे हात याच वयात थरथरू लागले. पुढे चार वर्षं तिला घास धाकटीने भरवले, मी कामाची निमित्तं काढली. घर तिचंच आहे, कागद उशिरा होतो आहे.

२. ‘पोरी खपायच्या नाहीत’ म्हणून मामाने आईचं दुखणं लपवायला लावलं. त्याला माफ केलं. आईचा हात हलल्यामुळे पुसट आलेला फोटो त्याला द्यावा. त्याने तो पाहुणे बसतात त्या खोलीत लावावा.

३. कपाटातलं बंद पाकीट. आईचा आजार माझ्या रक्तात उतरला आहे का, याची तपासणी मी दोन वर्षांपूर्वी केली. अर्जात भावंडांच्या रकान्यात ‘एक बहीण’ लिहिलं, ‘जुळी’ लिहिलं नाही. लिहिलं असतं तर त्यांनी तिलाही विचारलं असतं, आणि ती नको म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं. माझा निकाल तोच तिचा. पाकीट हातात आल्यावर मात्र धीर सुटला आणि तिच्यापाशी सगळं कबूल केलं. ती चादरींच्या घड्या घालत होती.

“अकरा मिनिटं आधी आलीस, म्हणून माझंही तूच वाचणार होय?”

मग तिने चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. त्या टोकाचं ऋण फिटणारं नाही.

मृत्युपत्राने स्वतःचं तेवढंच देता येतं. हे पाकीट निम्मंच माझं. म्हणून ते देत नाही, तिच्यावर सोपवते. फोडावं, जाळावं, की तसंच ठेवावं, ते ती ठरवेल. विमावाल्यांनी आणि सोयऱ्यांनी मागू नये.

४. दाभण, कातर, दाबयंत्र आणि बांधणीची खोली भाचीला. ती वीस वर्षांची आहे. परवा म्हणाली, “मावशी, आईला कळून घ्यायचं नाही, मला घ्यायचंय. माझ्यात निघालं तर ते आईकडूनच आलेलं असणार. मग मी घरी कुठल्या तोंडाने येऊ?” खोलीला आतून कडी आहे, एवढं देऊ शकते. तोंड सावरायला वेळ लागतो, तो तिथे काढावा. पण पोरी, तपासणीला आईला सांगून जा. माझ्यासारखा रकाना अर्धवट भरू नकोस.

५. रोजनिश्या कुणीही वाचाव्यात. त्यांत निकाल नाही, नुसत्या शंका आहेत.

धाकटीला घर मिळणार, म्हणून तिला साक्षीदार करता आलं नाही. तरी ती शेजारी बसली आहे. आत्ताच तिने आपला हात माझ्या हाताला लावून टेबलावर ठेवला, दोन्ही हात निरखून पाहिले आणि म्हणाली, “आज दोन्ही स्थिर आहेत. कर सही.”

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), समोरचे चष्मेवाले (सही)
स्थळ: बांधणीची खोली
दिनांक: आम्हा दोघींचा वाढदिवस
सही, न थरथरता: थोरली