लोट्याचा फोटो

मंगळवार, संध्याकाळ

खोटं कशाला लिहू, सकाळी भीती वाटलीच.

पाणी विभागाचं पेज दोन वर्षांपासून मी सांभाळून राहिली. टाकतो काय, तर साहेबांच्या बैठकीचे फोटो. खाली लोक प्रश्न विचारतात, अन् उत्तराची फाइल मंजुरीसाठी चार टेबलं फिरते.

काल बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या एका बाईनं स्टीलच्या लोट्याचा फोटो टाकला. आत चहासारखं पाणी. "दीदी, बच्चों को यही पिलाएँ क्या?" मी फाइल न चालवताच लिहून टाकलं, "मत पिलाइए. कल सुबह लाइनमैन आएगा." मग इंजिनीअरच्या मागे लागली. आज सकाळी नळाची लाइन पाहायला लाइनमन गेला खरा, पण गेलाच नसता तर?

आज साहेबांनी बोलावलं. अमरावतीचे आहेत, एरवी इथे सगळ्यांसारखे हिंदीत बोलतात, रागावले की मराठीत येतात. "मंजुरी न घेता उत्तर काहून दिलं?"

"सर, फाइल फिरेपर्यंत पोट्टे तेच पाणी प्यायले असते."

 मले वाटलं, गेलं आता पेज हातातून. मग साहेब म्हणाले, "असं असलं तर उत्तर आधी देजो. फाइल मागून चालव."

घरी येताना बसमध्ये मोबाइल उघडला. त्याच बाईचा नवा फोटो. तोच लोटा, काठाला तोच पोचा. पण आज लोट्याचा तळ दिसून राहिला! कितीदा पाहिला असेल मी तो तळ.

उद्या बैठकीच्या फोटोऐवजी पेजवर हाच लोटा टाकीन. साहेबांना विचारून? नाही. फाइल मागून.