पहिल्या कळ्या खुडायच्या होत्या

बाबा, आज केळव्याहून सोनचाफ्याचं कलम आणलं. सायकलच्या कॅरिअरला बांधून, वाऱ्याने पानं फाटू नयेत म्हणून हळूहळू. दाराशी, मोरीशेजारी, जुन्या चाफ्याच्याच जागी लावायचंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तिथे मी दुसरं काही लावू शकलो नाही.

तुम्ही बोईसरला कारखान्याच्या वसाहतीत माळी. दिवसभर साहेबांच्या बंगल्यांपुढची झाडं राखायचात, आणि उमरोळीला आपल्या दारात एकटी तगर. मी पालघरचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. वर्गातली एक मुलगी मला आवडायची. ती शिक्षण सोडून बोईसरला औषधाच्या गोळ्या पॅक करायच्या कामाला लागली होती आणि वर्गातलं तिचं रिकामं बाक मला बघवत नव्हतं. हे कारण मी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही विचारलंही नाही. एका रविवारी एवढंच म्हणालात, "घरात बसून भिंतीशी भांडतोस, त्यापरीस खड्डा खण. दाराशी एक झाड लावू."

रोपवाटिकेत मी पारिजातकापुढे थांबलो, मग अनंतापुढे. प्रत्येकाला एकच प्रश्न, किती दिवसांत फुलेल. रोपवाला हसला, "लगीन हाय काय घरात?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "बियाचा चाफा आठ वरसं घेल, आन् वाढंल घरावर. कलमाचा घे. लहान ऱ्हाईल, वरसात फुलंल. पन पयल्या कळ्या खुडायच्या. मूळ धरू दे त्याला आदी."

दोन खुडल्यावर मी पुढच्या खुडू दिल्या नाहीत. पहिलं फूल तुला, असं मी तिला सांगून बसलो होतो. ती सकाळ अजून दिसते. तुम्ही झाडापाशी उकिडवे बसला आहात, तळहातावर दोन हिरव्या कळ्या, आणि मी ओरडतोय, "तुम्हाला कुणाचं काही फुललेलं बघवत नाही." तुम्ही उठता, हात पायजम्याला पुसता. "ऱ्हाऊ दे मंग," म्हणता, आणि त्या दिवसानंतर झाडाला हात लावत नाही.

पुढे सात फुलं आली. पहिलं मी तिला बसथांब्यावर दिलं. तिने डोळे मिटून वास घेतला. "आनखी येतील काय रे? पुढच्या महिन्यात माजी हळद हाय. वेणीत घालीन." मी म्हणालो, येतील.

त्या सातांनंतर एकही आलं नाही. पानं कडांनी करपली आणि पंधरा दिवसांत झाड काडी झालं. तुम्ही ते उपटून हातात धरलंत, मुळं बराच वेळ पाहिलीत. "तवाच खुडायला पायजे होतं. तुज्यापुढं गप बसलो, ती माजी चूक." त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. तिचं लग्न झालं, मी कॉलेजात परत गेलो नाही.

तुमची चूक नव्हती. हळदीपर्यंत फुलं यावीत म्हणून मी शेजारच्या वाडीतून दोन मुठी युरिया आणून बुंध्याशी टाकला होता. तुम्ही माळी होतात. ती जळलेली मुळं बघून तुम्हाला कळलं नसेल, असं आता वाटत नाही. तरी तुम्ही दोष स्वतःवर घेतलात आणि मी तो घेऊ दिला.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? घडी करून खिशात ठेवतो. खड्डा तयार आहे. नव्या कलमाला दोन कळ्या आहेत. द्यायला कुणी नाही, तरी त्या खुडायला दुपारपासून दोनदा हात पुढे नेला आणि मागे घेतला.