तालाच्या पेटीची कुळकथा

पापाकुरा, न्यूझीलंड,
सप्टेंबर १९९५

तीर्थस्वरूप दीनानाथदादांस,

मोहनचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (मी फार्मसिस्ट असलो तरी सांगतो, तेल चोळा.) इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त मी हादरलेला आहे.

यंदाही तुम्ही "तिथे माझा तबला कोण ऐकणार" म्हणून येणं टाळलंत, आणि तुमच्या बहिणीच्या गणपतीतल्या भजनाला ठेका कोण धरणार हा प्रश्न उरला. म्हणून अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात कोबी घ्यायला गेलो असताना मी एक जुनी जपानी तालाची पेटी उचलली. बटण दाबलं की ठेका आपोआप. घरी आणली तर आमची कौमुदी (मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत) किंचाळलीच, "बाबा, धिस इज टेक्नो!" मग तिने त्याची कुळकथाच सांगितली. म्हणे अमेरिकेत डेट्रॉइट नावाचं मोटारींचं शहर आहे, कारखाने बंद पडत चाललेलं. तिथल्या उपनगरातली काही काळी शाळकरी पोरं रेडिओवर जर्मन लोकांचं यंत्रसंगीत आणि तिकडचंच फंक नावाचं ठेक्याचं संगीत ऐकत वाढली. या पेट्यांचा आवाज खऱ्या ड्रमसारखा येत नाही म्हणून लोकांनी त्या विकून टाकल्या, त्या या पोरांनी स्वस्तात घेतल्या, आणि त्यातून हे टेक्नो जन्मलं. पहाटेपर्यंत नाचायचं संगीत! आणि ते मी गणपतीपुढे मांडणार होतो!

मांडलंच. मी केरवा लावला होता. कौमुदीने मध्येच काहीतरी फिरवलं आणि धप् धप् धप् सुरू. मी डोळे मिटले. उघडले तर भजनाला आलेल्या नर्स नीलांबरीबाई (ज्यांना हार्मोनियमसुद्धा परकी वाटते) उभ्या राहून डुलत होत्या! तुमची आठवण कोणी काढली नाही. खुद्द तुमची बहीण सुलेखा म्हणाली, "दादापेक्षा हिची लय पक्की." कळवणं भाग आहे.

वहिनींना नमस्कार.

आपला,
मोहन

ता. क. कौमुदीला दिवाळीत ही तालाची पेटी आणि तुमचा तबला एकत्र वाजवून बघायचंय. "मामा येईल ना?" असं तिने चक्क मराठीत विचारलं. मला दुसरा धक्का.

आणखी एक. लय पक्की म्हणाली खरी, पण अंतऱ्यात सुलेखा श्वासासाठी जराशी थांबली तर पेटी आपली पुढे निघून गेली. पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात रडत होती. म्हणाली, दादा थांबला असता.

तेव्हा गुडघ्याला तेल लावा आणि या.